बापाच्या खडकावर

त्या मे महिन्यात बाहेरच्या बेटावर, हंगामापुरत्या वस्तीवर, पावसानं ठाण मांडलं होतं. झोपड्यांच्या फळ्या फुगल्या होत्या, दारं लागेनात, बिछान्यांना बुरशीचा वास मारू लागला होता. युनिस दारातल्या ठोकळ्यावर बसून हॅलिबट चिरत होती. त्या माशाचे कागदासारखे पातळ पापुद्रे काढायचे तर हात शांत हवा. तिचा हात शांत नव्हता. दोनदा सुरी हाडात रुतली.

“आई, तुम्ही माशावर राग काढताय,” आतून लॉटी म्हणाली. लॉटी तिची सून, चूल फुंकत बसली होती. तोंडानं फटकळ, हातानं चपळ.

“मग कुणावर काढू? तुझ्यावर?”

“माझ्यावर कशाला, ढगांवर काढा. तेच ऐकत नाहीयेत.”

युनिसनं उत्तरेच्या टोकाकडे पाहिलं. त्या टोकापलीकडे तिच्या घराण्याचे खडक होते, आणि खडकांवर खाण्याचं काळं शेवाळ वीतभर वाढलेलं होतं. हे शेवाळ उधाणाच्या ओहोटीला तोडायचं आणि तोडलं त्याच दिवशी उन्हात वाळवायचं. पावसात तोडलं तर पोत्यातच त्याचा चिखल होतो. न तोडावं तर जून होतं, चामडं चघळल्यासारखं लागतं. उधाण चालू झालं होतं. ऊन नव्हतं.

एरवीच्या वर्षी तिनं एवढी चडफड केली नसती. घरापुरतं काय, कुणाकडूनही मिळालं असतं. पण या वर्षीचं शेवाळ मेजवानीचं होतं. तिचा थोरला भाऊ सायलस मागच्या पानगळीत गेला. तो घराण्याचा प्रमुख होता. त्याच्याबरोबर त्याचं नावही मिटलं, पण आमच्याकडे असं नाव माणसाबरोबर पुरत नाहीत. ते मामाकडून भाच्याकडे जातं. तोवर ते झोपलेलं असतं, कुणी तोंडातून काढत नाही. मग मेजवानीत, चारही कुळांसमोर, भाचा उभा राहतो, आपल्या घराण्याच्या जागांवरचं अन्न पाहुण्यांना वाढतो, घरी न्यायला बांधून देतो. पाहुण्यांनी खाल्लं, नेलं, म्हणजे ते साक्षीदार झाले आणि नाव जागं झालं. हाच कायदा, आमच्या भाषेत आयाऊख. भाचा म्हणजे युनिसचा मुलगा अँब्रोज. खडकांवरचं शेवाळ नसेल तर त्यानं काय वाढायचं? दुकानातली बिस्किटं?

आणि तो अँब्रोज इथं नव्हताच. तो कॉर्नेलियसच्या बोटीवर पगारी माणूस होता.

कॉर्नेलियस हा सायलसचा मुलगा. बोटसुद्धा सायलसचीच. पण शहरातल्या कचेरीनं बोट आणि गावातलं घर मुलाच्या नावावर करून टाकलं होतं. त्यांच्या कायद्यात बापाचं ते मुलाचं. बहिणीला कुणी विचारायलाही आलं नाही. युनिसनं घर सोडलं, बोट सोडली. “लाकडंच ती, कुजणारच आहेत,” असं तेव्हा म्हणाली होती. पण त्या दिवसापासून तिच्या पोटात जे पेटलं ते हिवाळाभर विझलं नव्हतं.

तिच्या खांद्यावर राखाडी घोंगडी होती, काठाला तांबड्या पट्टीची. ती तिला कॉर्नेलियसमुळेच मिळालेली. तो अगदी लहान होता, भर मेजवानीत वाढप्याच्या पायात येऊन पडला, गरम सूप अंगावर, सगळ्यांसमोर. लोकांसमोर पडलेल्याला बापाकडच्यांनी उचलायचं, धुवायचं, पांघरायचं. आईकडच्यांनी तोवर हात लावायचा नाही, मागून त्याचं मोल चुकतं करायचं. मग ती लाज उरत नाही, कुणी पुन्हा काढत नाही. युनिस त्याची आत्या. ती उठली, तिनं उचललं, आणि तो हुंदके देत तिच्या मानेला असा चिकटला की सोडवेना. त्याच्या आईच्या घराण्यानं, डोमकावळ्याच्या कुळानं, तिला ही घोंगडी दिली. तेव्हापासून ती तिच्या अंगावर होती. कॉर्नेलियस मोठा होईपर्यंत दर भेटीत तिच्याजवळ येऊन विचारायचा, “आत्या, माझी घोंगडी कुठाय?” हे तिला आठवलं की हल्ली जास्तच संताप यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा फिरला. वायव्येकडून कोरडा, थंड वारा आला आणि ढग फाटले. खडकांवरून वाफ निघू लागली. सगळ्या झोपड्यांमधून बाया-माणसं पोती घेऊन पळाली, ज्याच्या त्याच्या जागेकडे. युनिस आणि लॉटी होडी ढकलून निघाल्या.

“अँब्रोज असता तर बरं होतं,” लॉटी वल्हं मारता मारता म्हणाली.

“असता तर! तू वल्हव.”

टोक ओलांडलं आणि लॉटीनं वल्हं मारायचं थांबवलं.

सायलसची बोट खडकांसमोर नांगर टाकून उभी होती. खडकांवर माणसं वाकलेली. दोन्ही हातांनी शेवाळ उपटत होती, पोती भरत होती. मोठा खडक, मधला खडक, पाणी टेकतं ती कड, सगळीकडे. जिथून तोडलं होतं तिथं दगड उघडा, तपकिरी दिसत होता. आणि मधल्या खडकावर, गुडघ्यावर बसलेला, पाठीवर घामानं चिकटलेला लोकरी सदरा, तो अँब्रोज होता.

होडी खडकाला लागली. कॉर्नेलियस वरूनच हसला. उंच, देखणा माणूस, हुबेहूब बापासारखा. तेच जास्त झोंबायचं.

“आत्या! कशाला वल्हवत आलीस एवढं? मी निरोप धाडणारच होतो.”

“कसला निरोप?”

“या वर्षी त्रास घेऊ नकोस म्हणून. माझी माणसं आहेत ना.”

“उतरण्याआधी कुणाला विचारलंस?”

“विचारायचं? माझ्या बापाचे खडक आहेत. बापाच्या पाठीवर बसून आलोय मी इथं.”

“बाप होता तोवर.” युनिसनं आवाज चढवला नाही. घराण्याच्या बाईनं खडकांवर ओरडायचं नाही, असं तिच्या आईनं तिला इथंच, याच दगडावर सांगितलं होतं. “बापाचा श्वास चालू आहे तोवर मुलानं बापाच्या जागेवर हवं ते तोडावं. श्वास थांबला की विचारायचं. हे तुला मी सांगायला हवं?”

कॉर्नेलियसचं हसू गेलं. तो दोन दगड खाली उतरला.

“दोन हिवाळे त्याला न्हाऊ कोण घालत होतं, आत्या? त्याचं तोंड कोण पुसत होतं? रात्री ओरडायचा तेव्हा कोण उठायचं? हा?” त्यानं हनुवटीनं अँब्रोजकडे खूण केली. “हा तेव्हा कारखान्यात डबे मोजत होता. नाव याचं आणि गू-मूत माझं, असा आहे का तुझा कायदा?”

 तो खोटं बोलत नव्हता.

“सेवा केलीस. चांगली केलीस. चारचौघांत मी म्हटलंय तसं, पुन्हा म्हणेन. पण बापाचे पाय चेपून कूळ बदलत नाही, कॉर्नेलियस. तू आईच्या पोटचा, डोमकावळ्याच्या घरचा.”

“शरदातल्या मेजवानीत मी उभा राहणार आहे,” तो म्हणाला. “हेच शेवाळ वाढणार. लोक खातील की झालं. पोट भरल्यावर कुळं कुणी विचारत नाही.”

पोती भरणारी त्याची माणसं, तीही डोमकावळ्याच्याच कुळाची, मान खाली घालून नुसती हात चालवत होती. युनिसनं मुलाकडे पाहिलं. अँब्रोजच्या मुठीत शेवाळाचा झुपका होता, त्यातून पाणी गळत होतं.

“हातातलं टाक,” ती म्हणाली.

अँब्रोजनं कॉर्नेलियसकडे पाहिलं.

आईकडे नाही, कॉर्नेलियसकडे. तेवढं एक पाहणं तिला पुरलं. “आई, पगारावर आहे गं मी,” तो पुटपुटला. झुपका त्यानं टाकलाही नाही आणि पोत्यातही घातला नाही. तसाच धरून बसला.

“जाऊ दे, आत्या,” कॉर्नेलियस पुन्हा हसू लागला. एक पोतं उचलून त्यानं होडीत टाकलं. ते लॉटीच्या पायांवर आदळलं. “हे घे एक. तुला उपाशी ठेवणार नाही मी.”

लॉटी काहीतरी फाडकन बोलणार होती. युनिसनं तिचा दंड धरला. मग वाकून, दोन्ही हातांनी, कंबरेत कळ आली तरी, तिनं ते जड ओलं पोतं उचललं आणि परत खडकावर ठेवलं.

“चल,” ती सुनेला म्हणाली.

परत येताना लॉटी रडत होती आणि वल्हवत होती. “माझा नवराच कणा नसलेला,” ती म्हणाली. “तुम्ही काही म्हणा, आई, मी आज त्याला जेवायला वाढणार नाही.”

“तू नको वाढूस. मीही नाही वाढणार.”

झोपडीशी पोचल्यावर युनिसनं पुन्हा सुरी घेतली. ऊन आता चांगलं पडलं होतं. ते पाहून तिला अधिकच भडकायला झालं. एवढं सोन्यासारखं ऊन, आणि वाळवायला तिच्याकडे काही नाही. इतर घराण्यांच्या बाया पाठीवर पोती घेऊन येऊ लागल्या होत्या. सपाट दगडांवर काळे ओले चौकोन पसरू लागल्या होत्या. त्या हिच्याकडे बघत आणि नजर वळवत. सगळ्यांना कळलं होतं.

शेजारच्या झोपडीतून हेझल आली. सायलसची विधवा, कॉर्नेलियसची आई. हातात चहाचा मग, त्यात डब्यातलं दूध घातलेला, युनिसला आवडायचा तसा.

“वन्सं, चहा.”

“ठेव तिथं.”

हेझल उभीच राहिली.

“वहिनी, तुझ्या मुलानं माझ्या मुलाला माझ्याच खडकावर मजूर केलं. आणि मला भीक घातली. पोतंभर.”

“मी सांगितलं होतं त्याला. हिवाळ्यात सांगितलं, काल सांगितलं. म्हणतो, आई, तुझं घराणं केवढंसं, तुझ्याकडच्यांचं कोण ऐकतं? मी बापाचा.” हेझल पदरात हात लपवावेत तसे एप्रनखाली हात घालून उभी होती. “माझ्या भावाचं नाव पडून आहे, वन्सं. माझा एकच मुलगा. त्याच्या मनातसुद्धा आलं नाही कधी.”

हे युनिसला ठाऊक होतं, पण ती इतकी आपल्याच रागात होती की हेझलच्या घरातही एक नाव झोपलेलं आहे, हे तिनं कितीतरी दिवसांत मनात आणलं नव्हतं.  तिनं चहाचा मग जवळ ओढला.

म्हातारा पर्सी गुडघे धरत धरत येऊन ओंडक्यावर बसला. तो गरुडाच्या कुळाचा, मोठ्या नावाचा माणूस. मेजवानीत त्याची जागा पुढची.

“काय ठरवलंस, युनिस?”

“मी काय ठरवणार? तू बोल. तुला तोंड आहे.”

“मी पाहुणा. तुमच्या भांडणात माझं काम दोनच, खायचं आणि लक्षात ठेवायचं. खायला तर अजून काही दिसत नाही.”

“पर्सी, मी सुरी धरून बसलेय.”

“दिसतंय. म्हणून तर लांब बसलोय.” मग तो गंभीर झाला. “ज्या दिवशी तो उभा राहील त्या दिवशी मी खाणार नाही. पण बाकीचे खातील. भीड असते. बोट त्याची, कामं तो देतो. नाव असंच चोरीला जातं बघ, भांडून नाही, जेवून.”

तिनं इतक्या जोरात सुरी ओढली की पापुद्रा फाटून हातात आला.

दुपार व्हायच्या आत बोट आली. पाणी भरायला लागलं होतं. कॉर्नेलियसनं बोट किनाऱ्यासमोर उभी केली आणि पोती छोट्या होडीतून काठाला आणली. पहिलं पोतं त्यानं स्वतः पाठीवर घेतलं. माणसांकडून करून घेता आलं असतं. पण किनाऱ्यावर चारही कुळांची माणसं होती, आणि त्याला सगळ्यांनी पाहायला हवं होतं.

पोत्यातून पाणी गळत होतं. दगडांवर हिरवी शेवाळी. त्यानं ताठ मानेनं तीन-चार पावलं टाकली, पाचव्याला पाय सटकला.

तो तोंडावर आपटला. पोतं डोक्यावरून पुढं जाऊन फुटलं, काळं शेवाळ लाटेत पसरलं. त्यानं उठायचा प्रयत्न केला आणि ओरडला. घोटा दोन दगडांच्या फटीत अडकला होता. पॅन्ट मांडीपासून गुडघ्यापर्यंत फाटलेली, कपाळावरून रक्त, आणि तो कमरेपर्यंत पाण्यात बसलेला.

एक लहान पोर हसलं. त्याच्या आईनं त्याच्या तोंडावर हात दाबला.  बायांच्या हातात ओलं शेवाळ तसंच राहिलं.

“बघता काय? उचला!” कॉर्नेलियस आपल्या माणसांवर खेकसला.

ती माणसं होडीत उभी होती, पाच-सहा पावलांवर. सकाळी त्याच्या एका शब्दावर ती दुसऱ्याच्या खडकावर उतरली होती. आता कुणी हललं नाही. एकानं टोपी काढली आणि हातात धरली.

“ए! पगार खाता ना माझा?”

“आम्ही तुझ्या आईकडचे आहोत, कॉर्नेलियस,” टोपीवाला हळूच म्हणाला. “आम्ही कसं उचलायचं?”

“आई!”

हेझल काठापर्यंत गेली होती. तिचे हात एप्रनबाहेर आले, पुढं झाले, आणि तिनं ते परत ओढून घेतले. तिचं तोंड वाकडं झालं. तिनं मान वळवली आणि युनिसकडे पाहिलं.

सगळ्यांनीच युनिसकडे पाहिलं.

युनिस ठोकळ्यावर बसून होती. मांडीवर हॅलिबट, हातात सुरी. बस तिथंच, असं तिला वाटलं. पाणी छातीपर्यंत येऊ दे. तो मगाशी हसला तसं आता हसून दाखवू दे. ही रीत अशी कशी, की ज्यानं लुटलं त्यालाच मी जाऊन कुशीत घ्यायचं? तिला रीतीचाच राग आला. तिला तिच्या आईचा राग आला, सायलसचाही आला. मुलाला एवढं लाडावलं आणि हे शिकवायचं राहून गेलं. आणि मग अँब्रोज होडीतून पाण्यात उतरताना दिसला. तो कुणाकडेही न पाहता सरळ मामेभावाकडे निघाला होता. अँब्रोज कॉर्नेलियसच्या बापाकडचा. त्याला उचलता येत होतं.

“थांब,” ती म्हणाली. “मी येते.”

सुरी ठेवून ती उठली. घोंगडी खांद्यावर घट्ट केली आणि बूट न चढवता तशीच पाण्यात शिरली. पाणी बर्फासारखं होतं. गुडघ्यातून कळ निघाली. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“आत्या,” तो म्हणाला. दात वाजत होते.

“मी कोण?”

“आत्या.”

“ते सगळ्यांना माहीत आहे. कुठल्या घरची?”

त्यानं ओठ घट्ट मिटले. लाट आली आणि त्याच्या छातीवर फुटली.

“बापाच्या,” तो म्हणाला.

“मोठ्यानं बोल. पर्सीला कमी ऐकू येतं.”

“मला मुळीच ऐकू येत नाहीये,” काठावरून पर्सी म्हणाला.

“माझ्या बापाच्या घरची!”

“आणि तू?”

तो आता तिच्याकडे पाहत नव्हता. तिच्या मागे, काठावर उभ्या असलेल्या आपल्या आईकडे पाहत होता. रक्त भुवईवरून डोळ्यात उतरत होतं. ते पुसायलाही त्यानं हात उचलला नाही.

“मी आईच्या घरचा,” तो म्हणाला. “डोमकावळ्याच्या.”

“ऐकलं,” पर्सी म्हणाला. त्याच्यामागे लांडग्याच्या कुळाच्या बाया म्हणाल्या, “ऐकलं.” किनाऱ्यावर इथून तिथून तोच शब्द गेला.

“अँब्रोज, दगड सरकव,” युनिस म्हणाली.

अँब्रोजनं खांदा लावून दगड हलवला, पाय सोडवला. कॉर्नेलियसला उभं राहता येईना. त्यानं अँब्रोजच्या गळ्यात हात टाकला. टाकण्याआधी क्षणभर तो हात हवेतच थांबला होता, हे युनिसनं पाहिलं. मायलेकांनी त्याला काठावर आणलं. पिंपातलं गोडं पाणी आणवून तिनं त्याचं तोंड धुतलं, मान धुतली, केसांतली शेवाळी काढली. तिचा हात हळू नव्हता. भांडं घासावं तशी ती घासत होती.

“दुखतंय, आत्या.”

“दुखू दे.”

मग तिनं आपल्या खांद्यावरची घोंगडी काढली आणि त्याला गुंडाळली. काठाची तांबडी पट्टी त्याच्या हनुवटीखाली आली. त्यानं ती बोटांनी चाचपली, ओळखली, आणि तो एवढा मोठा बाप्या माणूस मान खाली घालून रडू लागला. युनिसनं त्याला जवळ घेतलं नाही. ती उठून उभी राहिली, लुगडं पिळावं तसा आपला ओला झगा पिळला आणि त्याच्या माणसांकडे वळली.

“पोती उतरवा. माझ्या दगडांवर पसरा. ऊन काय तुमच्यासाठी थांबणार आहे?”

माणसं पळाली. बोटीतून पोत्यामागून पोतं आलं. अँब्रोज सगळ्यांत पुढं होता, दोन-दोन पोती आणत होता. लॉटी सपाट दगडांवर चौकोन पसरत होती आणि नवऱ्याला नुसती बोटानं जागा दाखवत होती. बोलत नव्हती, पण दाखवत होती.

कॉर्नेलियसचा घोटा हेझलनं फडक्यानं बांधला. आता ती हात लावू शकत होती. घोंगडीत बसून तो म्हणाला, “आत्या, उचलल्याचं मोल म्हणून ही पोती घे. सगळी. माझ्याकडून.”

युनिस जे गिळून होती ते तेव्हा बाहेर आलं. तिचा आवाज किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेला.

“माझं मलाच देतोस? माझ्या खडकावरचं, माझ्या मुलाच्या हातानं तोडलेलं! सकाळी एक पोतं भीक, आता सगळी दान? तुला उचलल्याचं मोल तुझ्या घरातून येईल. तुझ्या आईच्या जागेवरून. तिथलं काय देतोस ते सांग.”

 कॉर्नेलियस आईकडे वळून म्हणाला, “आपल्याकडे काय आहे?”

हेझलनं गाठ मारली, फडक्याचं टोक आत खोचलं आणि मगच वर पाहिलं.

“दक्षिणेच्या खाडीत ओढा आहे. उन्हाळ्यात लाल सामन मासा चढतो तिथं. तुझ्या मामाची मासे धुरावर सुकवायची झोपडी आहे, छप्पर पडलंय. मामाचं नावही आहे, कुणी उचललं नाही अजून. एवढं आहे. मोठं काही नाही. तू विचारलं नव्हतंस.”

“तू सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं. तू बापाच्या बोटीवर असायचास.”



शेवाळ उलटण्याची वेळ झाली तेव्हा बोट निघाली. अँब्रोज तिच्यावर गेला नाही. पगाराचं काय, असं त्याला कुणी विचारलं नाही. बोट गावाकडे न वळता दक्षिणेकडे वळली. पुढच्या टोकाला हेझल उभी होती, एका हातानं दोर धरून, दुसऱ्या हातानं दाखवत, अजून डावीकडे, अजून. सुकाणूपाशी राखाडी घोंगडी दिसत होती.

पर्सी युनिसशेजारी येऊन बसला.

“उचललंस ते बरोबर,” तो म्हणाला. “पण पाण्यात बसवून विचारलंस ते जास्त झालं. कायद्यात उचलणं आहे, विचारणं नाही. त्याचं मोल तुला द्यावं लागेल, युनिस. सगळ्यांनी ऐकलंय.”

“तूच तर म्हणालास ऐकू येत नाही!”

“म्हणालो. मलाही द्यावं लागेल मग. एखादा डबा माशाचं तूप देईन, काय करणार.”

ती त्याच्यावर उसळणार होती. मग नाही उसळली. “देईन,” ती म्हणाली. “शरदात. अँब्रोज उभा राहील, कॉर्नेलियस पाहुण्यांत बसेल, त्याच्या सामनची पेटी ठेवेल, घोंगडी परत करेल. तेव्हा मीही देईन. पण आज मला बरं वाटलं ते विचारताना. खोटं कशाला बोलू?”

वारा गार झाला होता. उन्हात तापलेल्या दगडांवर शेवाळ वरच्या बाजूनं कुरकुरीत झालं होतं. अँब्रोज आणि लॉटी एकेक चौकोन कडेनं उचलून उलटत होते.

“आई, तुमच्या अंगावर काही नाही,” लॉटी म्हणाली. “माझी शाल आणू?”

“नको.”

“अहो, काकडताय तुम्ही. घोंगडी मागून तरी ठेवायची त्याच्याकडून.”

“मागायची नसते ती. आणेल तो. सगळ्यांसमोर आणेल.”

तिनं उघडे दंड चोळले, ठोकळ्यावर जाऊन बसली आणि अर्धा राहिलेला हॅलिबट मांडीवर घेतला.  तिनं तशीच सुरी लावली.